देव्हाऱ्यातली सीडी

"गेला परत!" मी म्हटलं आणि हातातली वायर टेबलावर आपटली.

नव्या ड्राइव्हचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला, आतून टक् टक् असा आवाज आला आणि सगळं गप्प झालं. सकाळपासूनची ही सातवी की आठवी खेप. वहीएवढा चपटा, काळा डबा होता तो. बाहेरून संगणकाला जोडायचा आणि त्यात सीडी घालायची, एवढंच त्याचं काम. विट्यातल्या दुकानदाराने देतानाच अंग काढून घेतलं होतं. "वहिनी, तुमचं मशीन लई जुनं हाय. चाललं तर चाललं, न्हाईतर मला बोल लावायचा न्हाई." मी मात्र सकाळपासून बोल लावायला कुणीतरी शोधतच होते.

"सावकाश गं," मामा खाटेवरून म्हणाले. "यंत्राशी भांडून यंत्र ऐकत न्हाई."

मामा म्हणजे माझे सासरे, संपतराव. एवढं एक वाक्य बोलून त्यांना खोकला आला आणि बराच वेळ थांबेना. स्वयंपाकघरात सासूबाईंच्या, म्हणजे आत्यांच्या, हातातलं लाटणं थांबलं. खोकला थांबल्यावर मग लाटणं पुन्हा सुरू झालं. महिनाभर आमच्या घरात हे असंच चाललं होतं.

रविवार होता तो. शुक्रवारी आम्ही मामांना सांगलीला दाखवून आणलं होतं. छातीचा स्कॅन काढला, आणि डॉक्टरांनी त्याची फिल्म उजेडासमोर धरून उजव्या फुप्फुसावर निळ्या पेनाने एक गोल केला. हरभऱ्याएवढी गाठ.

"आधी कधी असा स्कॅन काढला होता?" त्यांनी विचारलं. "तेव्हाही ही गाठ असेल आणि एवढीच असेल, तर घाबरू नका. जुना व्रण समजायचा आणि सोडून द्यायचं. तेव्हा नसेल, तर ही नवीन आहे. मग सोमवारी सकाळी नऊला या. सुई घालून तुकडा काढून तपासावा लागेल."

मामांनी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, "हाय की! नऊ वर्सांमागं काढल्याला हाय ह्यांचा. सीडी हाय घरात. सगळं चांगलं निघालं हुतं, एक डाग न्हवता."

डॉक्टर म्हणाले, "मग त्या सीडीतली चित्रं मला दाखवा. माझ्या संगणकाला आता सीडीची खाच नाही. तुम्ही कुठेतरी उघडा आणि मोबाइलवर फोटो काढून पाठवा, तेवढंही पुरेल."

येताना गाडीत आत्यांचा चेहरा फुलला होता. एकदा सीडी दाखवली की डॉक्टर म्हणणार, जावा घरी. मी मात्र मनातल्या मनात हिशेब करत होते. हिशेब साधा होता. तेव्हा सगळं चांगलं होतं, म्हणजे तेव्हा गाठ नव्हती. म्हणजे आत्ताची नवीन. ज्या सीडीवर आत्यांचा एवढा भरवसा, तीच मामांना सोमवारी सुईखाली नेणार होती. हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं नाही. तेव्हाच्या डॉक्टरांच्या नजरेतून गाठ निसटली असेल, तर ती सीडीत दिसेल, एवढीच मला आशा होती. मामाही खिडकीतून बाहेर बघत बसले होते. त्यांनीही तोच हिशेब केला असणार, असं मला वाटलं.

आमच्या भागातली माणसं देशभर गलाईच्या धंद्यात पसरलेली. सोनं-चांदी मुशीत वितळवायची, आम्लात घालून शुद्ध करायची. मामांनी तीस वर्षं सेलममध्ये तेच केलं आणि आता दुकान माझा नवरा, धनाजी, बघत होता. आम्लाचा धूर छातीत जातो, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. धनाजीला फोन केला होता. तो गाडीत बसला होता आणि सोमवारी रात्री पोचणार होता. तोपर्यंत घरात आम्ही तिघंच.

संगणक माझा होता, माहेरचा. माझे वडील, अण्णा, हायस्कूलात मास्तर. त्यांनी माझ्या लग्नात रुखवतात फ्रीज नाही, कपाट नाही, संगणक मांडला. शेवेच्या लाडवांच्या आणि विणलेल्या मोरांच्या मधोमध तो पांढरा डबा बघून बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. आत्याही म्हणाल्या होत्या, "ह्याच्यात भाकरी भाजत्यात का?" मामांनी मात्र दुसऱ्याच आठवड्यात सुताराला बोलावून त्याच्या मापाचं टेबल करून घेतलं. पुढे मी गावातल्या लोकांचे अर्ज भरून द्यायला लागले. कॉलेजची पोरं, भरतीची पोरं संध्याकाळी घरी यायची. नवरा परगावी आणि घरात पोरांची ये-जा, गाव काय बोललं असतं ते सांगायला नको. धंदा सोडून गावी आल्यापासून मामा रोज संध्याकाळी त्या खोलीत खाट टाकून पेपर वाचत बसायचे. शेवटचं पोर जाईपर्यंत उठायचे नाहीत. का बसता, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तर अशा त्या नऊ वर्षांच्या संगणकाचा स्वतःचा सीडीचा कप्पा पाच वर्षांपूर्वी अडकला तो अडकलाच. म्हणून हा बाहेरचा ड्राइव्ह. आणि तो धड जागाच होईना.

मी पुन्हा वायर खोचली. लुकलुक, टक् टक्, गप्प.

"अनुराधे, तो आवाज ऐकलास का?" मामा उठून बसले. "उठाया बघतंय आन् धाप लागून खाली बसतंय. त्यात बिघाड न्हाई. त्येला जोर पुरत न्हाई."

"मामा, वीज आहे की. दिवा लागतोय."

"दिवा लागायला कितीशी वीज लागती?" ते टेबलापाशी आले. "आमची भट्टी धरत नसली की आमी कोळशाला शिव्या देत न्हाई. आदी वारा बघतो. ह्ये काय हाय?"

ड्राइव्हच्या वायरीला पुढे दोन फाटे होते. एक लांब, एक आखूड. दुसरा जादाचा असेल म्हणून मी त्याला रबर लावून बांधून ठेवला होता.

"ते एक्स्ट्रा आहे."

"करणाऱ्यानं उगंच दिलंय व्हय?" मामांनी रबर काढलं. "दोनी लाव. आन् म्होरल्या भोकात नको. पंप लांब असला की पाणी दमानं येतं, तसं आसंल ह्येचं. मागं हायत का भोकं?"

मागे होती. आम्ही दोघांनी मिळून टेबल भिंतीपासून ओढलं. मी खाली बसून दोन्ही टोकं मागे खोचली आणि ड्राइव्ह गुरगुरला. नीट, एकसारखा, दळण पडतं तसा. पडद्याच्या कोपऱ्यात नवीन वस्तू सापडल्याची पिवळी चौकट आली. मी दहावी पास झाले तेव्हाही एवढी ओरडले नसेन.

"आत्या! सीडी आणा!"

आत्या हात धुऊन देव्हाऱ्याकडे गेल्या. मला वाटलं, देवाला नमस्कार करून मग कपाटातून सीडी आणतील. त्या देव्हाऱ्यातूनच सीडी घेऊन आल्या. हिरव्या खणात गुंडाळलेली, वरून दोरा बांधलेला. दोन्ही हातांनी त्यांनी ती माझ्यापुढे धरली आणि मी दोरा सोडला.

एका बाजूला मामांचं नाव, काळ्या शाईत. मी सीडी उलटी केली.

चकचकीत बाजू दिसतच नव्हती. हळदीचा थर, त्यावर कुंकवाचा थर, त्यावर पुन्हा हळद. मधे तांदळाचे दाणे घट्ट चिकटून बसलेले. कडेला तुपाचा ओघळ आला होता आणि त्यावर एक झेंडूची पाकळी वाळून कागद झाली होती.

"आत्या, हे काय?"

"काय म्हंजे?" त्यांना प्रश्नच कळेना. "खंडेनवमीला पुजती मी तिला. ह्यांच्या चिमट्यास्नी लावती, मुशीला लावती, तुज्या कंप्युटरला लावती. मग हिलाच न्हाई लावायचं?"

"पण या बाजूला? हीच बाजू मशीन वाचतं!"

"चकाकती बाजू म्हंजे तोंड. पूजा तोंडाची करत्यात का पाठीची?"

"किती वेळा केली?"

"नऊ दसरं. आन् पाडव्याला थोडं थोडं."

माझं डोकं फिरलं. मी तापट आहे, तेव्हा तर फारच होते. "नऊ वर्षं! अहो, उद्या मामांना सुई घालणार आहेत! सगळा जीव या एका सीडीवर आणि तुम्ही तिचं पुरण केलंत! कुणाला विचारायचं तरी होतं. घरात मी होते ना!" असं बरंच काही मी बोलले. ते सगळं इथे लिहायची लाज वाटते.

आत्या उभ्या होत्या, त्या हळूच खाली बसल्या. एरवी त्या एका शब्दाला चार शब्द लावायच्या. आज एकच बोलल्या. "ह्यांचं समदं चांगलं हाय आसं जिच्यात लिवलंय, ती मी कशी उगडी टाकू गं?" आणि मग माझ्याकडे न बघता, "म्हंजे माज्याच हातनं गेलं?"

तेव्हा मला माझी फार शरम वाटली. पण शब्द तोंडातून सुटले होते आणि परत कसे घ्यायचे ते कळेना.

"काय गेलं न्हाई," मामा म्हणाले. "सेलमात दुकानाचा केर आमी साटवून ठिवत हुतो. वर्साकाठी तो जाळायचा आन् त्यातनं सोनं काढायचं. पायाखालच्या धुळीतनं काढलंय मी. ह्ये तर नुसतं कुंकू हाय. कोमट पाणी आण, शांपूचं दोन थेंब टाक. आन् घासायचं न्हाई. भिजू द्यायचं."

परातीत पाणी घेतलं. सीडी पाण्यात ठेवायच्या आधी आत्यांनी तिला हात जोडले, हळू आवाजात काहीतरी पुटपुटल्या आणि मग स्वतःच ती पाण्यात सोडली. पाणी आधी पिवळं झालं, मग लाल. तांदूळ एकेक करून सुटले आणि तळाशी गेले. दोनदा पाणी बदललं. मी पुसायला फडकं शोधू लागले.

"दे हिकडं," आत्या म्हणाल्या. त्यांनी आपलं जुनं मऊ पातळ फाडून तुकडा घेतला होता.

"गोल पुसू नका. मधून कडेकडे, सरळ."

त्यांनी तसंच पुसलं. एकेक रेघ, घाई न करता, मुलाचा चेहरा पुसावा तशी. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. "आत्या, मी फार बोलले," एवढं मला म्हणता आलं. त्या म्हणाल्या, "गप. उजेड आडवू नको."

तेवढ्यात दारात सावली पडली. अण्णा! मामांच्या आजाराचं कळल्यावर ते सकाळच्या एसटीने निघाले होते. एका हातात बिस्किटांचे पुडे आणि केळी, दुसऱ्या हातात छत्री.

"काय चाललंय?" ते म्हणाले. व्याही कुंकवाच्या पाण्याच्या परातीशी उकिडवे बसलेले, विहीण सीडी पुसतेय, मुलगी रडवेली. मी त्यांना खुर्ची दिली आणि थोडक्यात सगळं सांगितलं. अण्णांनी नेहमीप्रमाणे मधे मधे प्रश्न विचारले आणि सगळं समजलं तेव्हा माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. मामांनी खाटेवर बसून घेतलं होतं. अण्णा आल्यापासून ते एक अक्षर बोलले नव्हते.

सीडी वाळली. पुष्कळशी साफ झाली होती, तरी बारीक ओरखडे राहिले होते. मी ती ड्राइव्हमध्ये ठेवली आणि झाकण लावलं.

ड्राइव्ह गरगरला, थांबला, पुन्हा गरगरला. पडद्यावर चौकट आली: सीडी वाचता येत नाही.

मी सीडी काढली, आत्यांनी पुन्हा पुसली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आत्या माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. नऊ वर्षांत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवल्याचं मला आठवत नाही. ड्राइव्ह एवढा वेळ फिरत राहिला की मी डोळे मिटले.

"उघडलं," अण्णा म्हणाले.

पडद्यावर काळ्या चौकटीत करड्या रंगाची छाती होती. मामांची छाती, आडवी कापून बघावी तशी. कोपऱ्यात त्यांचं नाव, वय आणि तारीख. मी खालचं बटण दाबत एकेक काप पुढे सरकवू लागले. अण्णांनी सांगलीची फिल्म खिडकीसमोर उजेडात धरली. निळा गोल ज्या कापावर होता, तिथवर मला पोचायचं होतं. मनात मी एकच म्हणत होते, असू दे, गाठ असू दे. कुणाच्या छातीत गाठ असावी म्हणून देवाला विनवणारी मी एकटीच असेन.

आणि ती होती.

त्याच जागी, तशीच पांढरी, तेवढीच. मी बोट ठेवून बघितलं, मापाची रेघ ओढून बघितली. आठ मिलिमीटर. सांगलीच्या कागदावरही आठच. मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. "आहे मामा! आहे! जुनीच आहे!"

मोबाइलवर चार फोटो काढून डॉक्टरांना पाठवले. वीस मिनिटं कुणी जागचं हललं नाही. मग फोन वाजला. मी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"तीच आहे," डॉक्टर म्हणाले. "नऊ वर्षांत तसूभर वाढलेली नाही. उद्या सुईची गरज नाही. खोकल्याचं औषध लिहून देतो. सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा, बस्स."

फोन ठेवल्यावर मला वाटलं, आत्या आता देवापुढे साखर ठेवायला धावतील. त्या जागेवरच उभ्या होत्या आणि पडद्याकडे बघत होत्या.

"म्हंजे तवाबी हुती?" त्या म्हणाल्या.

मामा खांद्यावरचं उपरणं सारखं करू लागले.

"आवं, मी इचारती. तवाबी हुती ही? तुमी तर म्हनला, एक डाग न्हाई."

"हुती," मामा म्हणाले. "मिरजंच्या डॉक्टरनं दावली हुती. तीन म्हयन्यानं परत या म्हनला. मी ग्येलो न्हाई. कागद सेलमला नेऊन भट्टीत टाकला. तुला कायतरी हातात द्यायचं म्हनून सीडी दिली. कागद आसता तर कुणाकडनंबी वाचून घ्येतला आसतास. सीडी कोन वाचतंय?" मग माझ्याकडे आणि अण्णांकडे न बघता म्हणाले, "तर मास्तरांनी रुखवतातच कंप्युटर धाडला. मी पुरता हबकलो. म्हनून हिला म्हनलं, सीडी देव्हाऱ्यात ठिव, हलवू नको."

मला हसू आलं, पण आत्यांच्या तोंडाकडे बघून ते मी आवरलं.

"नऊ वर्सं," त्या म्हणाल्या. "नऊ वर्सं मी गाठीला कुंकू लावत बसले!" त्यांचा आवाज चढला, मग फुटला. पदराने त्यांनी डोळे पुसले. पुन्हा बोलल्या तेव्हा त्या नेहमीच्या आत्या होत्या. "पन बघा, हलली का जागची? पुजली म्हनूनच गप बसली. तुमाला काय कळतंय!" आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

मला वाटलं, संपलं. मी संगणक बंद करायला हात पुढे केला.

"थांब," अण्णा म्हणाले.

ते वाकून पडद्याचा कोपरा बघत होते. चष्मा वर करून, पुन्हा खाली करून.

"बावीस एप्रिल, दोन हजार सहा," त्यांनी वाचलं. "आपली लग्नाची बैठक सव्वीस एप्रिलला झाली. संपतराव, त्या दिवशी चार माणसांत मी तुम्हाला एकच प्रश्न विचारला होता. देण्याघेण्याचं काही विचारलं नव्हतं. गलाईवाल्यांच्या घरात मुलगी द्यायची, म्हणून छातीचं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, मास्तर, वयाच्या पन्नाशीत अजून पोतं उचलतो."

मामांनी मान खाली घातली. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, आम्लाने जागोजाग पांढरे पडलेले. "पोराचं लगीन मोडलं आसतं," ते म्हणाले. "मास्तर, तुमी उठून ग्येला आसता."

"गेलोच असतो," अण्णा म्हणाले.

राग मला आला का? आला. खोटं का सांगू? माझ्या सगळ्या आयुष्याचा निकाल त्या चार दिवसांत लागला होता आणि तो माझ्या पाठीमागे लागला होता. अण्णा उठून गेले असते तर मी कुठल्या तरी दुसऱ्या घरात असते. कदाचित जिथे नवरा वर्षातून दोनदा नाही, तर रोज घरी येतो, अशा घरात. असं एक घर त्या क्षणी मला खरोखर दिसलं. तिथे सगळं होतं. पण तिथल्या खोलीत मी अर्ज भरत बसले होते आणि कोपऱ्यात खाट टाकून कुणी पेपर वाचत नव्हतं.

"अनू," अण्णा म्हणाले, "तुला फसवलं यांनी."

"नाही अण्णा," मी म्हटलं. "मला माहीत होतं."

अण्णा माझ्याकडे वळले. मामांनी मान वर केली.

"काय माहीत होतं?"

"गाठीचं. लग्नाआधी मला सांगितलं होतं त्यांनी. मीच म्हटलं, अण्णांना सांगू नका."

"का?"

"तुम्ही उठून गेला असता. मला हे घर पसंत होतं."

अण्णांनी पस्तीस वर्षं शाळेत मुलं हाकली. फळ्याकडे तोंड करून लिहीत असतानाही मागे कोण खोटं बोलतंय ते त्यांना कळायचं. लहानपणी माझं एकही खोटं त्यांच्यापुढे टिकलं नव्हतं. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि मी त्यांच्याकडे बघत राहिले. सकाळी आत्यांवर ओरडले ती मी, आणि दुपारी गाठ जुनीच निघाली म्हणून रडणारीही मीच. तेवढ्यावरून कुणालाही कळलं असतं की मला काही माहीत नव्हतं. त्यांनाही कळलं. त्यांनी चष्मा काढला, मिटला आणि खिशात ठेवला.

"असं होतं तर," ते म्हणाले. "मग माझं काही म्हणणं नाही."

आत्या चहा घेऊन आल्या. अण्णा मामांच्या शेजारी खाटेवर बसून चहा प्याले. पावसापाण्याचं, द्राक्षांच्या छाटणीचं बोलले. जाताना त्यांनी मामांच्या हातावर आपला हात ठेवला. "तब्येतीला जपा, संपतराव. बिस्किटं चहात बुडवून खा, कोरडी नको, ठसका लागेल," असं म्हणून छत्री घेऊन पाच वाजताच्या गाडीला निघाले. मी त्यांना फाट्यापर्यंत पोचवायला गेले. वाटेत ते त्याविषयी एक शब्द बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतर कधीही नाही.

परत आले तेव्हा मामा खोलीत एकटेच बसले होते. मी टेबल भिंतीकडे ढकलू लागले तसे ते उठले आणि दुसरी बाजू धरली. टेबल जागेवर गेलं तरी ते तिथेच उभे राहिले.

"अनुराधे."

"काय मामा?"

"तुला कुणी सांगितलं हुतं गं? गाठीचं?"

मी वायरीची गुंडाळी करत होते. त्यांच्याकडे बघितलं असतं तर मला बोलता आलं नसतं, म्हणून वायरीकडेच बघत राहिले.

"तुम्हीच की, मामा," मी म्हटलं. "विसरलात तुम्ही."

ते खाटेवर जाऊन बसले, खांद्यावरचं उपरणं काढून तोंडावर धरलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. स्वयंपाकघरातून आत्यांनी विचारलं, "परत आला का खोकला?"

"नाही आत्या," मी म्हटलं, "बरे आहेत मामा."